भिंत नसलेला मठ: रिद्धपूरच्या संन्यासिनींची गोष्ट

एपिसोड ऐकायला वेळ नसेल, शिफ्ट बसमध्ये नेट जात असेल किंवा ऐकलेलं पुन्हा नीट वाचायचं असेल, तर तुमच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' मी बरेचसे काढलेत. काही राहिले असतील तर चालवून घ्या.

आजच्या विषयाची ठिणगी तुमच्याच एका प्रश्नातून पडली. चाकणजवळ खराबवाडीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या एका मैत्रिणीनं व्हॉइस नोट पाठवली होती. ती युरोपातल्या मध्ययुगीन मठांवरची एक मालिका बघत होती. दगडी भिंती, घंटा, काळे झगे घातलेल्या नन्स, सगळं होतं त्यात. तिचा प्रश्न साधा होता: "ताई, आपल्याकडे असं काही होतं का? म्हणजे बायकांनी लग्न-संसार सोडून एकत्र राहायचं, अभ्यास करायचा, आणि तेही खेड्यात?"

होतं. आणि ते विदर्भातल्या एका खेड्यात होतं, साडेसातशे वर्षांपूर्वी. फक्त त्याला भिंत नव्हती. आज तीच गोष्ट.

[०१:४०] आधी जुन्नरला थांबू

तेराव्या शतकात जाण्याआधी एक छोटा थांबा घेऊ, कारण तो आपल्या रस्त्यावरच आहे. चाकणहून नाशिक हायवे धरला, नारायणगावला डावीकडे वळलं की जुन्नर. शिवनेरी, लेण्याद्री आपण सगळ्यांनी केलंय. पण जुन्नरच्या डोंगरांतल्या लेण्यांमध्ये ब्राह्मी लिपीत कोरलेले लेख आहेत, ते वाचायला फारसं कुणी थांबत नाही. त्यातल्या एका लेखात लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचा उल्लेख आहे. सोबत नगरातल्या 'धम्मुत्तरीय' पंथाच्या भिक्षुणींच्या निवासासाठीही कायमची तरतूद केलेली आहे. मूळ शब्द आहे भिक्षुणी-उपाश्रय.

म्हणजे सातवाहनांच्या काळात, सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वी, जुन्नर गावात बौद्ध भिक्षुणींचा मठ होता आणि त्याच्या खर्चासाठी लोक दान देत होते. कान्हेरीच्या आणि कोकणातल्या कुड्याच्या लेण्यांत तर खुद्द भिक्षुणींनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. तेव्हा 'आपल्याकडे बाईनं घर सोडून संन्यास घ्यायची पद्धतच नव्हती' असं कुणी म्हणालं, तर त्याला गाडीत घालून जुन्नरला न्या.

मात्र काळाच्या ओघात ही बौद्ध भिक्षुणींची परंपरा महाराष्ट्रात विरत गेली. पुढे अनेक शतकांनंतर बायकांचा असा संन्यासी समुदाय मराठी मुलखात पुन्हा ठळकपणे दिसतो, तो थेट यादवांच्या काळात.

[०४:०५] तेराव्या शतकात बाई घर सोडते म्हणजे काय?

काळ बघा. देवगिरीला यादवांचं राज्य आहे. राजा रामदेवराय, त्याचा प्रधान हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. या हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे. त्याच्या व्रतखंडात कुठल्या तिथीला कुठलं व्रत, कसं दान, कशी पूजा याचे शेकडो विधी दिलेत. धर्म म्हणजे व्रतं, दानं, सोवळं-ओवळं, आणि सगळं संस्कृतात, हे त्या वेळचं मुख्य चित्र.

अशा वेळी एखादी बाई लहानपणी विधवा झाली तर तिच्यापुढे काय असायचं? सासर नाहीतर माहेर. दोन्हीकडे दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या अन्नावर. वेद-शास्त्र तिला बंद. मोक्षाची गोष्ट निघाली तर उत्तर ठरलेलं: पुढच्या जन्मी पुरुष हो, मग बघू.

याच काळात श्रीचक्रधरस्वामी मराठी मुलखात हिंडत होते. परंपरेनुसार ते मूळचे गुजरातचे राजपुत्र. सगळं सोडून रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंकडून, म्हणजे गुंडम राऊळांकडून ज्ञान घेतलेले. पुढे पैठण आणि गोदावरीचा परिसर हा त्यांच्या फिरण्याचा मुख्य भाग. त्यांच्या अनुयायांचा पंथ म्हणजे महानुभाव पंथ.

चक्रधरांनी एक साधी पण स्फोटक गोष्ट केली: बाईलाही मोक्षाचा तितकाच अधिकार आहे, आणि तीही संन्यास घेऊ शकते, असं त्यांनी सांगितलं आणि तसं वागून दाखवलं. पुरुषाच्या अंगात मोठा जीव आणि बाईच्या अंगात चिमुकला जीव असं काही नसतं, असा त्यांचा रोख होता. मासिक पाळीच्या विटाळाबद्दलही लीळाचरित्रात त्यांचं म्हणणं स्पष्ट येतं. शरीराला नऊ दारं आहेत, त्यातून काही ना काही बाहेर पडतंच. नाक वाहिलं तर आपण विटाळ धरत नाही, मग याच गोष्टीचा का धरायचा? हे सातशेहून जास्त वर्षांपूर्वीचं आहे. आपल्यातल्या किती जणींच्या घरी आजही चार दिवस देवघर बंद असतं, ते मी विचारत नाही.

[०७:१५] कोण होत्या या बायका?

नावं ऐका: बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, एल्हाइसा. ही 'आइसा' म्हणजे आदरानं लावलेली जोड.

बाइसा पैठणच्या. स्वामींच्या पूजेची, जेवणखाणाची, एकूण सगळ्या परिवाराची व्यवस्था त्यांच्याकडे. लीळाचरित्रात जागोजागी त्या दिसतात. कुणाला वाढतायत, कुणाला दटावतायत, स्वामींना प्रश्न विचारतायत. आबाइसा आणि उमाइसा या मायलेकी. आबाइसांचा मुलगा म्हणजे नागदेव, पुढे पंथाचे पहिले आचार्य झालेले नागदेवाचार्य ते हेच.

आणि महदाइसा, म्हणजे महदंबा. नागदेवाचार्यांच्या नात्यातली बहीण, लहान वयात विधवा झालेली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे प्रश्न. ही बाई गप्प बसत नाही. हे असं का? ते तसं का नाही? पुढे नागदेवाचार्यही तिचा गौरव चर्चा करणारी, धर्माचं रक्षण करणारी म्हातारी असाच करतात. विचार करा, जिच्याकडून 'मान खाली घालून कोपऱ्यात बस' एवढीच अपेक्षा होती, तिची ओळख आहे प्रश्न विचारणारी बाई म्हणून.

[०९:००] रिद्धपूर: एक खेडं, एक समुदाय

१२७४च्या सुमारास चक्रधरस्वामी मराठी मुलखातून उत्तरेकडे निघून गेले, असं पंथ मानतो. त्याआधी त्यांच्यावर सत्ताधाऱ्यांचा आणि पैठणच्या प्रतिष्ठितांचा रोष झाल्याचे प्रसंग लीळाचरित्रात आहेत. एवढ्या बायका यांच्यामागे का लागतात, ही त्या रोषातली एक मोठी सल होती.

गुरू निघून गेले. आता या बायांनी काय करायचं? घरी परत जायचं? परतीची वाट जवळजवळ नव्हतीच. तेव्हा नागदेवाचार्यांबरोबर हा सगळा परिवार विदर्भात रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे गेला. आजच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात हे गाव आहे. चाकणपासून सुमारे सहाशे किलोमीटर. आपल्या एमआयडीसीत अमरावती, वर्धा, यवतमाळकडची जी पोरंपोरी आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या घरी रिद्धपूरच्या यात्रेचा फोटो नक्की असणार.

गोविंदप्रभू म्हणजे विलक्षण माणूस. लोकांच्या दृष्टीनं वेडे. कुणाच्याही घरात शिरायचे, काहीही उचलून खायचे, देवळातल्या देवांशी भांडायचे, ज्यांना अस्पृश्य मानलं जायचं त्यांच्या वस्तीत बिनधास्त जायचे. त्यांच्या या 'वेडा'चं वर्णन करणारं चरित्रही याच काळात मराठीत लिहिलं गेलं. त्यांच्या भोवती काही वर्षं स्त्री-पुरुष शिष्यांचा हा समुदाय रिद्धपुरात राहिला. स्वयंपाक, सेवा, भिक्षा, चर्चा, आठवणी असं सगळं एकत्र.

याच दिवसांतली एक गोष्ट मला फार आवडते. गोविंदप्रभूंना एकदा लग्नाची लहर आली. आता म्हाताऱ्या अवलियाचं लग्न! पण शिष्यांनी ती हौस पुरवली, लग्नाचा थाट मांडला. लग्न म्हटलं की गाणी हवीत. महदंबेनं श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर गाणी रचली. तेच तिचे 'धवळे'. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची मंगल गाणी. हा काळ १२८६-८७च्या आसपासचा. पूर्वार्ध तेव्हा झाला, उत्तरार्ध तिनं नंतर पूर्ण केला. याच धवळ्यांमुळे महदंबा मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते. शाळेत हे एका ओळीत येतं आणि एका मार्कात जातं. पण त्यामागची परिस्थिती बघा: संन्यासी बायांचा समुदाय, एक खेडं, आणि एक लहरी म्हातारा. मराठी कवितेतला बाईचा पहिला मोठा आवाज राजदरबारातून आलेला नाही, तो इथून आलाय.

आळंदी तर आपल्या शेजारीच आहे, म्हणून सांगते. ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० साली. मुक्ताबाई तेव्हा अगदी लहान मुलगी. महदंबा तिच्या किमान एक पिढी आधीची.

[१२:३०] दिवस कसा जायचा?

गोविंदप्रभू गेल्यानंतर समुदायाचं जगणं बदललं. आता चक्रधरांनी सांगितलेले नियम पूर्णपणे पाळायचे होते. ते नियम केशिराजबासांनी 'सूत्रपाठ' म्हणून एकत्र केले. आणि नागदेवाचार्यांच्या काळात हा परिवार प्रत्यक्ष कसा जगला, त्याच्या आठवणी 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात आहेत. त्यातून जो दिनक्रम दिसतो तो साधारण असा:

एक, अटन. म्हणजे सतत फिरणं. एका गावी ठाण मांडायचं नाही. ओळखी वाढतात, लोभ जडतो, मग ते गाव म्हणजे दुसरं घरच होतं.

दोन, विजन. दिवसातला काही वेळ एकांतात, गावाबाहेर, झाडाखाली बसून स्मरण.

तीन, भिक्षा. झोळी घेऊन दारोदार. चारही वर्णांच्या घरी जायचं, हे घर मोठं ते घर छोटं असं निवडायचं नाही. जिथं ओळखीनं चांगलंचुंगलं मिळेल तिथं मुद्दाम जायचं नाही. चवीची आवड धरायची नाही.

चार, अहिंसा. मुंगीलाही इजा होऊ नये इतकी काळजी.

आता हेच नियम एका साठीतल्या बाईला लावून बघा. पायी चालणं, पावसाळा, अनोळखी गावं, आज भिक्षा मिळेल की नाही याची खात्री नाही. ही काही हौसेची ट्रिप नव्हती. तरी त्या राहिल्या, यावरून मागं काय सोडलं होतं याचा अंदाज येतो. दुसऱ्याच्या घरातल्या कोपऱ्यापेक्षा स्वतःच्या पायाखालचा रस्ता त्यांना बरा वाटला असावा. हा माझा अंदाज, ग्रंथातलं वाक्य नाही.

[१५:१०] आणि तिकडे युरोपात?

आता मालिकेतल्या त्या दगडी भिंतींकडे येऊ. युरोपातल्या नन्सच्या मठांचं गणित वेगळं होतं. मठाला जमीन असायची, कुळं असायची, धान्य यायचं. मुलगी मठात येताना बऱ्याचदा हुंड्यासारखी रक्कम सोबत यायची. त्यामुळे स्थैर्य होतं, ग्रंथालयं होती, आजारपणात आसरा होता. जर्मनीतल्या हिल्डेगार्डसारखी बाई बाराव्या शतकात स्वतःचा मठ काढते, संगीत रचते, वनस्पतींवर आणि औषधांवर लिहिते, ते याच व्यवस्थेच्या बळावर.

पण १२९८ साली पोप आठवे बोनिफेस यांनी एक फर्मान काढलं: सगळ्या नन्सनी मठाच्या आतच राहायचं. फारच अपरिहार्य कारण असेल तरच बाहेर पाऊल टाकायचं. कारण काय दिलं? त्यांचं शील आणि सुरक्षितता. ओळखीचं वाटतंय ना? हॉस्टेलच्या गेटवर रात्री दहाच्या वेळेची पाटी असते, तिचं लॉजिकही तेच.

आता तारखा शेजारी ठेवा. १२९८ला तिकडे दरवाजा बंद करण्याचा हुकूम निघतोय आणि त्याच दशकात इकडे विदर्भ-मराठवाड्याच्या रस्त्यांवरून मराठी बाया झोळी घेऊन फिरतायत. एकीकडे भिंत आणि भाकरी, दुसरीकडे रस्ता आणि उपास. दोन्हीकडे संसार नाकारलेल्या बायका, पण सुरक्षिततेची किंमत दोन्हीकडे वेगवेगळी मोजलेली. कुठली पद्धत चांगली हे मी ठरवणार नाही. तुम्ही काय निवडलं असतं, ते कळवा.

जाता जाता: भिंतीवाला मठ पुढे आपल्या शेजारीही आला. जुन्या गोव्यातला सांता मोनिकाचा मठ १६०६ साली सुरू झाला, त्याची इमारत १६२७मध्ये पूर्ण झाली. गोव्याला गेलात तर बीचवरून एक दुपार काढा, त्याच वास्तूत आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे.

[१७:४५] मराठी कुणासाठी?

या गोष्टीतला आपल्या सगळ्यांशी संबंध असलेला भाग आता येतो. पंथात मोठे संस्कृत पंडित होते. केशिराजबास त्यातलेच. त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. स्मृतिस्थळात आठवण आहे की नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं असं की, तुम्ही संस्कृतात लिहिलंत तर माझ्या स्वामींच्या साध्यासुध्या परिवाराचं नुकसान होईल.

हा साधासुधा परिवार कोण? संस्कृत न शिकलेली माणसं, आणि त्यात कितीतरी बाया. म्हणजे मराठीतल्या पहिल्या गद्याचा वाचक डोळ्यांपुढे ठरवताना समोर म्हाताऱ्या संन्यासिनी होत्या. आज मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण स्टेटस ठेवतो, तेव्हा या आज्जींचंही नाव घ्यायला हवं.

लीळाचरित्र लिहिलं म्हाइंभटांनी, १२७८च्या सुमारास, रिद्धपुरातच. वाजेश्वरीच्या देवळात बसून ते लिहिलं, असं परंपरा सांगते. त्यांची पद्धत एखाद्या चांगल्या पत्रकारासारखी होती. स्वामींना ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांना गाठायचं, आठवणी विचारायच्या, ताडून बघायच्या. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर तो फरकही नोंदवायचा. या साक्षीदारांत बायाही होत्या. बाईची आठवण पुरावा म्हणून ग्रंथात येते, तीही तिच्या नावासकट. त्या काळात ही छोटी गोष्ट नाही.

पुढे आक्रमणांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. या पाठांतराच्या संदर्भात हिराइसा या बाईचं नाव परंपरेत आदरानं घेतलं जातं. क्लाउड नव्हता, बॅकअप हिराइसा होती.

[२०:२०] सगळंच गोड नव्हतं

थांबा, एवढ्यात 'सगळं कसं भारी होतं' असं म्हणू नका. आचार्यपद पुरुषाकडेच होतं. स्वयंपाक, सेवा ही कामं बव्हंशी बायांकडे. पुरुष संन्याशांनी बायांच्या सहवासापासून दूर राहावं, अशी कडक बंधनं सूत्रपाठात आहेत, आणि त्यात बाई ही मोह म्हणून येते. म्हणजे दार उघडलं होतं, पण आतल्या खोल्या सारख्या नव्हत्या.

आणि बाहेरच्या समाजानं तर सूडच घेतला म्हणा. मूर्तींच्या, व्रतांच्या पसाऱ्याला नाकारणारा, बायांना संन्यास देणारा हा पंथ लोकांच्या डोळ्यांवर आला. पंथानंही आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये बंद केले. बाहेरच्यांना ते वाचता येईनात, मग संशय आणखी वाढला. त्याचा पुरावा तुमच्या आमच्या तोंडात आहे. 'मानभावीपणा' हा शब्द आपण ढोंगासाठी वापरतो ना? तो 'मानभाव', म्हणजे महानुभाव, यातून आलाय. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण तर त्याहून जहरी. एका अहिंसक पंथाचं नाव भाषेनं शिवी करून ठेवलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. ल. भावे आणि इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांना या लिप्या उलगडल्या आणि मराठीचा केवढा खजिना आत होता ते जगाला कळलं. पुढे शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी स्मृतिस्थळाचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १९९२ साली प्रसिद्ध झालं.

[२२:५०] आज काय आहे?

परंपरा संपलेली नाही. महानुभाव पंथात आजही संन्यासिनी आहेत, त्यांना तपस्विनी म्हणतात. आता बहुतेक जणी आश्रमांत, मठांत राहतात, म्हणजे भिंत शेवटी आलीच. रिद्धपूरला गोविंदप्रभूंचा राजमठ आहे, वाजेश्वरीचं स्थान आहे, आणि आता तिथेच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. मराठीचं विद्यापीठ मुंबई-पुण्यात न होता या खेड्यात का झालं, याचं उत्तर तुम्हाला आता माहीत आहे.

आपल्या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, हजारो मुली गाव सोडून आल्यात. त्या काही संन्यास घ्यायला आलेल्या नाहीत, पगारासाठी आल्यात, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण घर सोडलेल्या बाईला 'तू कुणाच्या घरची?' हा प्रश्न तेव्हाही पडत होता, आजही खोली भाड्यानं घेताना पहिला तोच येतो. रिद्धपूरच्या बायांनी त्याला एक उत्तर काढलं होतं: आम्ही एकमेकींच्या, आणि या वाटेच्या. ते सोपं नव्हतं, पूर्णही नव्हतं. पण त्यातून मराठीला तिची पहिली कवयित्री मिळाली.

पुढच्या एपिसोडमध्ये सकळ लिपी कशी वाचतात, ते सोपं करून बघू. तोवर तुमच्या घरी, गावाकडे, कुणी तपस्विनी पाहिली असेल, आजीनं काही सांगितलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आजीच्या आवाजात पाठवलीत तर आणखी छान. म्हाइंभटांनीही तेच केलं होतं.

भेटू. काळजी घ्या, हेल्मेट घाला.